साडेपाच टक्क्यांचा थोरला

साहेब, तुम्ही चुकीचं बोललात, आणि चुकीचं बोलून चहा प्यायला निघून गेलात. खिडकीच्या जाळीआडून तुम्ही मला दोन बोटांत धरलंत, नाक मुरडलंत आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला म्हणालात, "अप्पा, ही रद्दी कुठून उचलली?" मागं रांग होती. रांग हसली. तुमच्या त्या एका शब्दानं पालमच्या एका घरात एका पोरीचं शिक्षण बुडायची वेळ आली होती. तुम्हाला त्याचा पत्ता नाही. तुमचं नाव मी घेत नाही, कचेरीचंही घेत नाही. पण गोष्ट मात्र सगळी सांगणार आहे, आणि पोरांदेखत सांगणार आहे.

मित्रांनो, मी एक जुना सरकारी कर्जरोखा आहे. घाबरू नका. नाव अवघड आहे, माणूस... म्हणजे कागद साधा आहे. सरकारला पैसा लागतो तेव्हा सरकार लोकांकडून उसना घेतं आणि बदल्यात एक जाड कागद देतं. त्यावर लिहिलेलं असतं की अमुक सालात मुद्दल परत देऊ, तोवर दर सहा महिन्यांनी एवढं व्याज देऊ. तो कागद म्हणजे मी. व्याजाचा आकडा जन्मतःच अंगावर छापतात, मग तो मरेपर्यंत बदलत नाही. शहरातले लोक त्याला कूपन म्हणतात. माझं कूपन साडेपाच टक्के.

नाशकाच्या छापखान्यात माझा जन्म झाला. कागद असा कडक की घडी घालताना आवाज यायचा. उजेडात धरलं की आतली खूण दिसायची. त्या काळात साडेपाच हा आकडा काही वाईट नव्हता. माझे पहिले मालक दिनकरराव, चुडाव्याच्या स्टेशनावर नोकरी करणारे. त्यांनी मला पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, शालीच्या घडीखाली ठेवलं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाडा पेटला. गोरगरिबांची घरं जळाली आणि मी कागद असून शाबूत राहिलो. जळायला पाहिजे होतं कोण आणि जळलं कोण, हे मला तेव्हाच कळलं होतं. लाज वाटली. कागदालाही वाटते.

पुढं नवे रोखे निघाले. त्यांच्या अंगावर नऊ, दहा, साडेअकरा असे आकडे. आता सांगा, जास्त व्याजाचा नवा कागद मिळत असताना मला पूर्ण पैसे देऊन कोण घेणार? माझी किंमत घसरली. शंभराचा मी, बाजारात पंच्याहत्तरला आलो. दिनकरराव नोकरीतून मोकळे होऊन मुलाकडं नागपूरला निघाले तेव्हा त्यांनी मला पालमच्या शिवरुद्रअप्पांना विकलं.

शिवरुद्रअप्पांचं पालमला भुसार मालाचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं तराजूसारखं, एक दाणा इकडचा तिकडं नाही. त्यांनी मला बघितलं आणि साधा व्यापारी हिशोब केला. सुगीत ज्वारी स्वस्त घ्यायची आणि भाव चढला की विकायची, तसंच हे. आज पंच्याहत्तर द्यायचे, मुदत भरली की सरकार शंभर देईल. मधलं व्याज वेगळंच. अप्पा खूश झाले. मला दुकानाच्या गल्ल्यात घालून त्यांनी वर हात जोडले. माझ्या जन्मात मला पहिल्यांदा कुणी हात जोडले.

मग अप्पा मला घेऊन एसटीनं परभणीला आले, माझ्या पाठीवर आपलं नाव चढवायला. आणि साहेब, तिथं तुम्ही भेटलात. रद्दी म्हणालात. वर दुसरा कागद दाखवलात, "हा बघा, साडेअकरा टक्के. रोखा असावा तर असा." अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यात जेवढा पैसा घातला होता तेवढाच तिथल्या तिथं त्या नव्या रोख्यात घातला. परतीच्या गाडीत आम्ही दोघं एकाच पिशवीत होतो. साडेअकरा नवा, कोरा, ताठ. मी घडीवर मळलेला. खोटं कशाला बोलू, त्याच्याशी मी एक शब्द बोललो नाही.

त्या दिवसापासून घरात माझी जागा ठरली. दिवाळीला लक्ष्मीपूजनात साडेअकरा वर, मी खाली. पाहुणे आले की अप्पा त्याला दाखवायचे. मी डब्याच्या तळाशी गूळ बांधायच्या कागदासारखा.

सत्त्याऐंशीचा पोळा. अप्पांचं वय झालं होतं. आपल्या हातानं आपलं वाटून टाकावं, मागं भांडण नको, असं त्यांच्या मनात होतं. वाटणी दोघांत. थोरला शिवमूर्ती, दुकान तोच बघायचा. धाकटी भागम्मा, पेडगावला दिलेली. तिचा नवरा वारला होता, कोरडवाहू चार एकर तिच्या अंगावर होतं. लेकीला वाटा देणारा बाप त्या काळात पालमला शोधून सापडला नसता. अप्पांनी द्यायचं ठरवलं, त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडतो. पाय नाहीत मला, तरी पडतो.

भागम्मा पोळ्याला आली ती आपल्या लेकीला घेऊन. लेकीचं नाव उमादेवी. परभणीच्या शेतकी कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात खोलीही मिळाली होती. अडचण एकच होती. मेसचे पैसे दर सहामाहीला आगाऊ भरायचे, आणि कोरडवाहू शेत दर सहामाहीला काही देत नाही. ते देतं तेव्हा देतं. चार वर्षं पोरीला परभणीला ठेवायची तर भागम्माला नेमानं येणारा पैसा पाहिजे होता. न आला तर पोरगी पेडगावला परत, आणि परत आलेल्या पोरीचं काय करतात हे मी सांगायला नको.

सकाळी बैल सजले. दारात तोरण. अप्पांचे दोन बैल होते, तांब्या आणि गुल्या. तांब्या म्हातारा, मागच्या पायानं लंगडा. गुल्या दांडगा, झूल अंगावर मावेना. सालगडी मुंजाजी गुल्याचा कासरा धरून पुढं झाला.

"मालक, गुल्याला फुडं घेतो. बघा कसा नाचायलाय. तांब्या लंगडायलाय, समदी बघायलीत."

"बघू दे की," अप्पा म्हणाले. "आपल्या घरात वयाला मान हाय, मुंजाजी. लंगडत जाऊ दे, पन तांब्याच आधी जाऊ दे."

आणि तांब्या लंगडत, शेपटी हलवत, तोरणाखालून आधी गेला. भागम्मानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. गुल्या मागं फुरफुरत राहिला.

पुरणाचं जेवण झालं. ओसरीवर सतरंजी पडली. अप्पांनी डबा उघडला आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं.

"शिवमूर्ती, तू थोरला. मोठ्या आकड्याचा मान तुजा. साडेअकरा तुला, साडेपाच भागम्माला. दोन्हीत पैसे सारखेच घातलेत, कुनी कमी-जास्त म्हनू नका. उद्या परभनीला जाऊन नावं चढवून टाकू."

उमादेवीनं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मित्रांनो, इथं कान द्या, कारण चूक इथंच आहे. साहेबांनी डोक्यात भरवलेला मोठा आकडा आणि घरातला मान, ह्या दोघांनी मिळून ती केली. अप्पांनी पैसे सारखे घातले होते हे खरं. पण आमच्या दोघांचे स्वभाव सारखे नव्हते. साडेअकरा म्हणजे कापूस. एक वेचणी झाली, दुसरी आली, दर खेपेला ओंजळ भरून हातात. मी म्हणजे ज्वारी. हंगामभर उभी, मधे फार तर थोडा हुरडा, आणि शेवटी एकदाच खळं. माझं खरं पीक शेवटी होतं, पंच्याहत्तरचे शंभर होतात तेव्हा.

आता बांधावर सरकार उभं असतं. शिवमूर्तीसारखा कमावता व्यापारी असला की व्याजाच्या दर वेचणीतून ते निम्मं उचलतं. व्याजावर थोडी सूट असते, पण ती त्याच्या बँकेतल्या ठेवींनी आधीच खाऊन टाकली होती. माझ्या शेवटच्या खळ्यावरही सरकार हात घालतं, पण हलका, कारण वर्षानुवर्षं सांभाळून वाढलेल्या किमतीवरचा कर व्याजावरच्या करापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणजे जो कर भरतो त्यानं मला घ्यावं. आणि भागम्मासारखी जी कर भरतच नाही, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही आणि दुसरं उत्पन्न तेवढं नाही, तिच्या वेचणीला कोण हात लावणार? तिनं साडेअकरा घ्यावा, सगळाच्या सगळा तिचा. वाटणी नेमकी उलटी झाली होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण कागदाला तोंड नसतं, नुसतं अंगावर लिहिलेलं असतं, तेही इंग्रजीत.

वाचवलं शिवमूर्तीच्या रडगाण्यानं. पुरण पोटात गेलं की हा माणूस करावर बोलायचा. पानाला चुना लावता लावता सुरू झाला.

"ह्या साली बी कर भरून कंबर मोडली, अप्पा. वरचे शंभर रुपये आले की पन्नास सरकार नेतंय. कमवायचं आमी अन् खायचं त्येनी."

भागम्मा सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

"अण्णा, मंग ह्या साडेअकराच्या व्याजाचं बी निम्मं सरकारच नेनार की."

"नेनारच. सोडतंय व्हय ते कुनाला?"

"मला सोडतंय. मला कुठं कर हाय?"

पान शिवमूर्तीच्या हातात तसंच राहिलं.

"अण्णा, तू मान घ्यायलास का सरकारला दान करायलास?" भागम्मा म्हणाली. "ह्या पोरीची मेस सहामाहीला भरायची असती. साडेपाचाच्या व्याजात सहातल्या चारच महिन्यांचं जेवन हुईल, वह्या-पुस्तकं तर राहूच दे. तुला शेवटाला एकदम मिळालं तर चालतंय. मला आज पायजे. तू साडेपाच घे, मला साडेअकरा दे. तुजं बी भलं, माजं बी."

शिवमूर्तीला हिशोब पटला. डोळ्यांत दिसलं मला. पण त्यानं पान तबकात परत ठेवलं आणि मान हलवली.

"अगं पन लोक काय म्हनतील? थोरला असून साडेपाच घेतलं! बाजारात भगवानराव आडत्या काय सोडंल व्हय मला? 'शिवमूर्तीसेठ, बहिनीच्या ताटातलं उरलेलं घेतलं म्हनं.' न्हाई बाई. पैसा गेला तर गेला."

"म्हंजी पोरीची मेस गेली तर गेली?"

"तसं कुठं म्हनलं मी?"

"मग कसं म्हनलास?"

अप्पा मधे पडले. "भागे, पुरे. थोरल्याचा मान थोरल्याला. त्यात मी बदल करनार न्हाई. आपल्या घरची रीत हाय."

मला वाटलं, संपलं. उमादेवी उठून आत निघाली. माझ्या शेजारी साडेअकरा गप्प पडून होता. त्यालाही बरं वाटत नव्हतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

भागम्मानं पदर खोचला. आवाज चढवला नाही. उलट हसली.

"बरं अप्पा. रीत मोडायची न्हाई. एवढंच सांगा, ह्या दोन कागदांत आधी कोन जन्माला आलं?"

अप्पांनी चष्मा लावला. मला उजेडात धरलं, मग त्याला धरलं. छापलेलं साल शोधायला वेळ लागला.

"साडेपाचवाला. चांगला बारा-तेरा वर्सांनी थोरला हाय."

"आन् सकाळी तोरनाखालून आधी कोन गेलं? दांडगा गुल्या, का म्हातारा तांब्या?"

अंगणात मुंजाजी बैलांची शिंगं पुसत होता. तो एवढ्यानं हसला की गुल्या बुजला.

"बैलाचं अन् रोख्याचं काय, भागे?" शिवमूर्ती म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

"मानाचं मी काढलं का तुमी काढलं? वयाला मान हाय म्हनून अप्पाच म्हनले. आता आकडा बघून मान द्यायचा असंल तर म्होरल्या पोळ्याला गुल्याला फुडं घ्या. मी येऊन कुंकू लावीन त्याला."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या पोटात हसू फिरायला लागलं. आधी खांदे हलले, मग मिश्या हलल्या, मग म्हातारा असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं आणि विभूतीचे पट्टे ओले झाले.

"शिवमूर्ती! थोरल्याला थोरला! हे घे, हा तुजा तांब्या. आन् भागे, तुला हा गुल्या. नाचव."

शिवमूर्तीनं मला दोन्ही हातांत घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवता त्याला आलं नाही. मानही राहिला होता आणि करही वाचणार होता. असा योग व्यापाऱ्याच्या आयुष्यात एकदाच येतो.

"भागे, तू वकील व्हायला पायजे हुतीस."

"झाले असते तर आत्ता तुला फी लावली असती, अण्णा."

उमादेवी दारातून पळत आली आणि आजोबांच्या मांडीवर डोकं टेकून बसली. अप्पांनी तिच्या वेणीवरून हात फिरवला. त्यांच्या हाताला पुरणाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी परभणीला खिडकीत कारकुनानं आमच्या पाठी बघितल्या आणि विचारलं, "उलटं झालंय का? हा कमीचा थोरल्याला?" शिवमूर्ती छाती काढून म्हणाला, "मानाचा हाय तो." मित्रांनो, त्या दिवशी मी घडीत मावत नव्हतो.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. शिवमूर्तीनं मला गादीखालच्या पेटीत ठेवलं, वर कडुनिंबाचा पाला. बाजारात तो सांगत सुटायचा, आमच्याकडं थोरला रोखा हाय. भगवानराव आडत्यानं एकदा मुद्दाम येऊन मला बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यात एवढं काय हाय?" शिवमूर्ती म्हणाला, "धीर हाय." माझ्याबद्दल कुणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

तिकडं दर सहा महिन्यांनी भागम्मा साडेअकराचं व्याज घ्यायला परभणीला यायची. हे मला शिवमूर्तीच्या बायकोच्या बोलण्यातून कळायचं. ती व्याज घ्यायची, मेसचे पैसे भरायची, आणि मग मायलेकी बसस्टँडसमोर गरम भजी खायच्या. उमादेवी आईला सांगायची, आज आम्ही मातीचा नमुना घेतला, आज ज्वारीवरची खोडमाशी बघितली. भागम्मा म्हणायची, "ती मी लहानपनापासून बघायले, त्याचं काय कौतुक?" आणि भजी तिच्या पानात सरकवायची. एक वर्ष पाऊस दगा देऊन गेला. पेडगावच्या शेतात काही आलं नाही. मेस मात्र चुकली नाही. त्या वर्षी पेडगावच्या बायका भागम्माकडं येऊन साडेअकराला बघून गेल्या. तो हल्ली फार सुधारलाय म्हणे, ताठा गेलाय.

मलाही वाईट दिवस आले. एका पावसाळ्यात दुकानाचा पत्रा गळला आणि माझा एक कोपरा भिजून फुगला. शिवमूर्तीनं मला चुलीजवळ दोरीवर वाळत घातलं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ओरडत राहिला, "हात लावू नका, थोरला हाय तो." कागद जपायचा असतो मित्रांनो. भिजू देऊ नका, त्यावर चहाचा पेला ठेवू नका. पण त्याहून एक गोष्ट सांगतो. कागदावरचा आकडा वाचण्याआधी घरात कुणाची गरज काय आहे ती वाचा. कुणाला आज पाहिजे, कुणाला शेवटी चालेल, कुणाच्या हातातून सरकार किती नेतं. हे न वाचता घेतलेला मोठा आकडा नुसता कपाळावर लावायच्या कामाचा.

उमादेवी पदवी घेऊन आली त्या दिवशी पालमला पेढे वाटले. तिला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. अप्पा ते बघून गेले. जाताना सुखानं गेले.

त्र्याण्णव साली माझी मुदत भरली. शिवमूर्ती मला घेऊन परभणीला आला, पूर्ण मुद्दल मोजून घेतलं, वाढलेल्या किमतीवरचा हलका कर भरला आणि थेट पेडगावची गाडी धरली. बहिणीच्या ओसरीवर तो काय म्हणाला ते सोबत गेलेल्या मुंजाजीनं साऱ्या पालमला सांगितलं, आणि पालमच्या लोकांकडून ते खिडकीच्या रांगेत माझ्या कानावर आलं. म्हणाला, "भागे, त्या दिवशी तू गप बसली असतीस तर हे समदं मी सरकारच्या पदरात घातलं असतं, वर मान मिळाला म्हनून पोळी खाल्ली असती." भागम्मा म्हणाली, "अजून बी वकिलाची फी राहिलीच की." तो तिच्यासाठी इरकल लुगडं घेऊन गेला होता.

माझ्या अंगाला भोक पाडलं, शिक्का मारला आणि खिडकीमागच्या पोत्यात टाकलं. दुखलं नाही. काम झालेल्या कागदाला दुखत नाही. पोत्याला एक फट आहे. तिच्यातून मला खिडकी दिसते.

ह्या जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव चढलं. लोकांनी सोळा वर्षं लढून एक पाटी बदलून घेतली. कचेरीत त्या दिवशी कुणी पेढा वाटला, कुणी तोंड फिरवलं, ते मी फटीतून बघितलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात खिडकीत उमादेवी आली. केसांत अबोली, हातात पर्स, पहिल्या बचतीचे पैसे. खिडकीत माणूस नवा होता; साहेब, तुम्ही आता वर चढून आतल्या खोलीत बसता.

"मला रोखे घ्यायचेत," ती म्हणाली. "एक माझ्यासाठी, एक आईसाठी. माझ्या पगारातून कर कापतात. आईला शेतीशिवाय काही नाही. आम्हा दोघींना कोणते सोयीचे पडतील?"

"आकडा बघा अन् घ्या. पुढं चला."

"आकडा मला वाचता येतो. कुणाला कोणता बरा, ते विचारायले मी."

"ते सांगायचं काम आमचं नाही."

"मग कुणाचं आहे?"

त्यानं वर बघितलं. मागच्या रांगेत एक मास्तर होते, दोन शेतकरी होते. सरजाबाई नावाची भाजी विकणारी बाई होती, डोक्यावर रिकामी पाटी. ती पुढं सरकली. "सांगा की ओ साहेब. आमाला बी ऐकायचंय. कष्टाचेच पैसे हायेत आमचे." मास्तर म्हणाले, "बरोबर विचारतात बाई." रांगेतलं कुणी हसलं नाही. कुणी पुढंही चाललं नाही.

उमादेवी दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभी आहे. खिडकीतल्या माणसानं मान वळवून आतल्या खोलीकडं, तुमच्या खोलीकडं बघितलंय. तेव्हा साहेब, चहा खाली ठेवा आणि बाहेर या. पैसे लोकांचे, कर लोकांचा, रांगेत उभे लोक. कुणी कोणता कागद घ्यावा हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं काम जर तुमचं नाही, तर कुणाचं आहे? बोला.